त्यार्डची वाट

हार्केम, २० मे १५४८

ताई,

पोचलो एकदाचा. पण पुढच्या वेळी जेले वामवाल्याच्या होडीत बसायची शिक्षा नको. टोपलीतले वाम मासे माझ्या अंगरख्यात शिरायला बघत होते आणि तो दात काढून हसत होता. दारात पाऊल टाकलं तर आल्टये म्हणाली, "आधी कपडे बाहेर काढ, मग नवरा म्हणून आत ये." तुझ्या हातच्या राय-धान्याच्या भाकरी खाऊन माझं पोट सुटलंय, असंही तिचं म्हणणं आहे. तुला सलाम सांगितलाय आणि तुझ्या चीजच्या गोळ्याला त्याहून मोठा.

एल्सवर्डचे दिवस मजेत गेले. चर्चच्या मनोऱ्यावर मी कोन मोजायची पितळी चकती घेऊन बसायचो, तर खाली फोस्केबाई सगळ्यांना सांगायच्या, "उमरावाचा माणूस आपल्या गाई मोजतोय." ताई, मी गाई मोजत नव्हतो. भावोजींना पुन्हा एकदा समजावून सांग. एका मनोऱ्यावरून दुसरा मनोरा बघायचा, मग तिसऱ्या गावाचा. मधला कोन टिपायचा. दुसऱ्या मनोऱ्यावर जाऊन तेच करायचं. जमिनीवर फक्त एक अंतर दोरीने मोजावं लागतं, बाकीचं सगळं त्रिकोण आपोआप सांगतात. मधे नदी असो, चिखल असो, पाय भिजवावे लागत नाहीत. लूव्हेनला आमचे गुरुजी म्हणायचे, देवाने जग करताना हातात वर्तुळ काढायचा परकार धरला होता, आपण फक्त त्याच्या मागे मागे चालायचं.

उमरावांनी नकाशाचा कच्चा कागद पाहिला. तुमच्या गावात दर हिवाळ्यात पाणी का शिरतं ते त्यांना एका नजरेत कळलं. पाणी बाहेर सोडायला समुद्रबांधात नवी मोरी बांधायची असं ते स्वतःहून म्हणाले. म्हणजे भावाच्या शिक्षणाचा तुला काही तरी उपयोग झाला. आई गेल्यावर स्वतःचं लग्न लांबवून तू मला वाढवलंस, लूव्हेनला धाडलंस. हे मी तोंडाने कधी बोललो नाही, कागदावर बोलायला सोपं जातं.

आणि भावोजींना माझा खास नमस्कार. गावामागची ती दलदल आजवरच्या सगळ्यांनी नुसती हिरवी रंगवून सोडून दिली होती. तिच्यातून भावोजींच्या काठीमागोमाग चालत पलीकडे गेलेला मी पहिलाच नकाशाकार असेन.

तुझा सिब्रांड


एल्सवर्ड, सेंट जॉनच्या सणाआधीचा रविवार, जून १५४८

सिब्या,

पत्र मिळालं. जेलेने ते वामांच्या टोपलीतच ठेवलं होतं, त्यामुळे अर्धं वाचलं आणि अर्धं हुंगलं. आल्टयेला सांग, नवऱ्याला बाहेर कपडे काढायला लावते, शाबास. तुला लहानपणी मीही तसंच करायची.

गवत कापणी सुरू आहे, हाताला फोड आलेत, म्हणून थोडक्यात लिहिते. पण एक गोष्ट त्यार्डने लिहायलाच सांगितली आहे. तो शेजारी उभा राहून "लिहिलंस का, लिहिलंस का" करतोय.

त्या दलदलीतल्या वाटेचं. त्यार्ड म्हणतो, ती वाट मी मेहुण्याला दाखवली, उमरावाच्या माणसाला नाही. ती नकाशात नको. बाकी हवं ते काढ. माझं परसू काढ, फोस्केची बदकं काढ. पण गावामागे नुसती दलदल राहू दे.

तुला कळणार नाही म्हणून सांगते. ही वाट बाहेरच्याला दाखवत नाहीत. मी इथली सून, पण मलासुद्धा पहिली पोरगी झाल्यावर दाखवली, तोवर नाही. त्यार्डच्या आजोबांच्या वेळी सैन्य आलं होतं तेव्हा अख्खं गाव, गाईगुरं, म्हातारीकोतारी, सगळी त्या वाटेने पलीकडे जाऊन राहिली होती. म्हणून आज आम्ही आहोत. तुला का दाखवली असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "पोरगा इतक्या हौसेने विचारत होता, नाही म्हणवेना."

तेव्हा लगेच उत्तर लिही. हा माणूस रात्री कूस बदलत पडतो आणि मला झोपू देत नाही.

तुझी ताई, हिस्के


हार्केम, २ ऑगस्ट १५४८

ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. नकाशा पुरा करायच्या धांदलीत मला जेवायचीही शुद्ध नव्हती. आता तो तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यायचा आहे. तिथे सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. कारागीर अक्षरं उलटी लिहिताना चुकतो म्हणून मी स्वतः आरशात बघून लिहून देतो. परवा आल्टयेला चिठ्ठी लिहिली तीही उलटी लिहिली गेली.

उमरावांनी मूळ नकाशा दिवाणखान्यात टांगला आहे. पाहुणे आले की मला बोलावतात. एका म्हाताऱ्या सरदाराने त्यात आपलं जन्मगाव शोधलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी मला वाटलं, आपण जन्माला येऊन काही तरी केलं.

भावोजींना सांग, निश्चिंत झोपा. ती वाट नकाशात नाही.

आणखी एक बातमी. आल्टयेला दिवस गेलेत. आता तुझ्या पोरींचे लहान झालेले कपडे फेकू नकोस.

तुझा सिब्रांड


एल्सवर्ड, सप्टेंबरअखेर, १५४८

सिब्या,

आत्या होणार म्हणून मी फोस्केच्या घरापर्यंत पळत गेले. या वयात! फोस्के म्हणाली, "गाय व्याली का?" मी म्हटलं, "त्याहून मोठं काही तरी."

तुझं पत्र मी त्यार्डला वाचून दाखवलं आणि तो खरंच झोपला. घोरलासुद्धा.

पण इकडे सगळं चांगलं नाही. उमरावाचा कारभारी आला होता. मोरी बांधून देतो म्हणाला, पण बदल्यात गावाची सामाईक कुरणं कायमची लिहून द्या. आमच्या कुरणांची शीव कुठून कुठे जाते ते त्याला आमच्यापेक्षा बरं ठाऊक होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गावाने नाही म्हटलं. कुरणं गेल्यावर गाई काय समुद्राचं पाणी पिऊन राहतील? कारभारी म्हणाला, "मग उमराव स्वतः विचारायला येतील." त्यावर फोस्केचा थोरला म्हणाला, "येताना जेवण बांधून आणा म्हणावं."

सगळे हसले, पण नंतर चर्चमध्ये बैठक बसली. बांधावरच्या रस्त्याशिवाय गावात यायला जमिनीवरून उघड असा दुसरा मार्ग नाही. तिथला पूल काढून टाकला, आणि पुरुष पाळीपाळीने पहारा देतात. म्हाताऱ्या रेमरने विचारलं, "मागच्या दलदलीकडे चार माणसं नकोत का? या बाईचा भाऊ तिथून फिरून गेलाय." तेव्हा मी उठून उभी राहिले. बैठकीत बाईमाणसाने बोलायची पद्धत नाही, तरी बोलले. म्हटलं, "माझ्या भावाने लिहून कळवलंय, वाट नकाशात नाही. मी त्याला मांडीवर वाढवलाय." मग सगळी माणसं पुढच्या बांधावर लावली.

तू दिवाणखान्यात बसतोस, तर उमरावाच्या कानावर घाल. म्हणावं, माणसं वाईट नाहीत, फक्त हट्टी आहेत.

हिस्के


हार्केम, १८ नोव्हेंबर १५४८

ताई,

लगेच निघून ये. पोरींना घेऊन ये. आल्टयेची तब्येत नाजूक झाली आहे, तिला तुझ्याशिवाय कोणाचा धीर नाही. जेलेला मी सांगितलं आहे, तो तुम्हाला परतीच्या फेरीत आणेल. सगळा हिवाळा इथे राहा. भावोजींनाही आण. पहारा द्यायला गावात दुसरी माणसं आहेत.

उमरावांशी बोलायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तुम्ही तुमच्या त्रिकोणांचं बघा."

येणं जमलंच नाही, तर एवढं तरी करा. यंदा गारठा लवकर पडलाय, चिखलसुद्धा गोठेल. भावोजींना सांग, नुसतं पुढे बांधाकडे बघू नका, मागची बाजूही सांभाळा. हे विसरू नकोस. मागची बाजू.

सिब्रांड


एल्सवर्ड, ॲडव्हेंटचा पहिला आठवडा, डिसेंबर १५४८

सिब्या,

आल्टयेला पहिलटकरणीची भीती असेल. तिला गरम ताकात मध घालून दे आणि तिच्यासमोर तोंड पाडून बसू नकोस. तुझ्या पत्रावरून तूच जास्त घाबरलेला दिसतोस. मी आत्ता कशी येऊ? गाई गाभण आहेत, त्यार्ड सारखा बांधावर, घर कोणाच्या जिवावर सोडू? बाळंतपणाला नक्की येईन.

पण तुझं खरं निघालं. आमच्या घराची मागची बाजू, गोठ्याची भिंत, उत्तरेच्या वाऱ्याने फुगली आहे. इतक्या लांबून तुला कसं सुचलं कोण जाणे! त्यार्डच्या मी मागेच लागले आहे. सकाळी पहाऱ्यावरून तासभर घरी ये आणि भिंतीला टेकू दे, नाही तर गाई थंडीने मरतील. तो म्हणतो, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांच्या गोठ्याला भिंत आहे." उद्या येतो म्हणालाय.

उमरावाकडून काही हालचाल नाही. रेमर म्हणतो, नाताळापर्यंत काढलं की मग बर्फच आपला पहारेकरी.

हिस्के


हार्केम, २३ डिसेंबर १५४८

ताई,

एक ओळ लिही. फक्त एक. जेले म्हणतो त्याला गावात जाऊ देत नाहीत. तू आहेस का? पोरी? भावोजी?

सिब्रांड


हार्केम, १५ जानेवारी १५४९

ताई,

जेलेने तुला धक्क्यावर पाहिलं असं सांगितलं. त्याने हाक मारली, तू वळली नाहीस. तू चालत होतीस, एवढं कळलं, त्यावर मी तीन रविवार काढले.

आल्टयेला मुलगा झाला. दोघं ठीक आहेत. तिने मला विचारलं, ताई का आल्या नाहीत? मी म्हटलं, रस्ते बंद आहेत.

काही तरी लिही. शिव्या लिही.

सिब्रांड


एल्सवर्ड, फेब्रुवारी १५४९

सिब्रांड,

मुलगा झाला, देव त्याला आयुष्य देवो. त्याचा यात काही दोष नाही.

शिव्या लिहिणार नाही. काय झालं ते लिहिते.

ते पहाटे मागून आले. धुकं होतं. एकामागून एक, दलदलीतून, काठीसुद्धा न टेकता. पुरुष सगळे बांधावर, तोंड रस्त्याकडे. त्यांना वळायलाही वेळ मिळाला नाही. फोस्केचे दोन्ही मुलगे गेले. रेमर म्हातारा गेला, त्याच्या हातात तर नुसती शिट्टी होती. चर्चची घंटा उतरवून नेली, गाई नेल्या, आणि राहिलेल्यांकडून कुरणांच्या कागदावर अंगठे घेतले.

त्यार्ड जिवंत आहे, कारण तो त्या वेळी बांधावर नव्हता. मी त्याला गोठ्याची भिंत टेकवायला घरी बोलावलं होतं. मागची बाजू सांभाळायला.

मग त्यांचा नायक माझ्या स्वयंपाकघरात आला. थंडी वाजते, काही गरम आहे का म्हणाला. हातातला कागद त्याने माझ्या टेबलावर पसरला आणि त्यावर माझंच ताक प्यायला. कागदावर आमचं गाव होतं. मागे दलदल होती. दलदलीतून एक बारीक रेघ गेली होती आणि तिच्यावर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'त्यार्डची वाट'.

बाबांनी आपल्या दोघांना एकाच पाटीवर शिकवलं. तुझं अक्षर मी आंधळी झाले तरी ओळखेन.

तो नायक दारातून ओरडला, "त्यार्ड कोण रे तुमच्यातला? त्याला आमच्याकडून बिअर पाजा!" सगळ्या गावाने ऐकलं.

आता गाव म्हणतं, त्यार्डने वाट विकली. नाव त्याचं, मेहुणा त्याचा, आणि सकाळी बांधावरून नेमका तोच गायब. मी तुझं ऑगस्टचं पत्र घेऊन पाद्रीबाबांकडे गेले. त्यांनी ते लोकांपुढे वाचलं. लोक म्हणाले, भाऊ आणि नवरा आतून मिळालेले, बायकोला खोटं कळवलं म्हणजे ती बैठकीत छातीठोक बोलेल. आणि मी बोललेच होते. मी त्यार्डला म्हटलं, "सांग ना, तू नको म्हणाला होतास!" तो म्हणाला, "दाखवली तर मीच ना."

त्याच्याशी कोणी बोलत नाही. तो चर्चमध्ये मागे उभा राहतो.

मला एकच कळव. त्यांनी तुझ्याकडून हे कसं काढून घेतलं? धमकी दिली का? आल्टयेला काही करू म्हणाले का?

हिस्के


हार्केम, ३ मार्च १५४९

ताई,

तुझं पत्र मी आल्टयेला वाचून दाखवलं. ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

मी तुला खोटं लिहिलं. वाट नकाशात होती. तुझं जूनचं पत्र आलं तेव्हा नकाशा अजून माझ्याच मेजावर होता. चामड्यावरची शाई चाकूने खरवडता येते. मी चाकू हातात घेतलाही होता. नंतर पुसू म्हणून ठेवला. मग उमराव बघायला आले आणि नकाशा तसाच दिवाणखान्यात घेऊन गेले.

नोव्हेंबरात शिपाई जमवताहेत हे मला कळलं. तेव्हा मी 'मागची बाजू' असं लिहिलं. सरळ का लिहिलं नाही? पत्रं उघडून वाचतात अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पत्र नेणारा जेले. त्याला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नाही. मला तुला 'मी खोटं बोललो' हे लिहायचं नव्हतं, एवढंच. एक शब्द लिहिला असता तर चार माणसं तिथे उभी राहिली असती.

वाटेला भावोजींचं नाव दिलं ते मानाने दिलं होतं. कारागिराला मी सांगितलं, हे नाव सुंदर अक्षरात कोर.

सोबत पाद्रीबाबांच्या नावे वेगळा कागद जोडला आहे. दोष सगळा माझा, त्यार्डचा नाही, असं त्यात शपथेवर लिहिलं आहे. तो चर्चमध्ये वाचायला सांग. मी स्वतः आलो असतो, पण बाळ लहान आहे, उमरावांनी दक्षिणेकडच्या परगण्यांची मोजणी काढली आहे, आणि मी तिथे आल्याचं त्यांना कळलं तर आमच्या डोक्यावरचं छप्परही त्यांचंच आहे.

सिब्रांड


एल्सवर्ड, मार्चचा शेवट, १५४९

सिब्रांड,

तुझा कागद परत पाठवते आहे. तुझ्या कागदांवर या गावात आता कोणी विश्वास ठेवत नाही. मी तर नाहीच.

बैठकीत ठरलं आहे. ईस्टरनंतरच्या रविवारी त्यार्डने बांधात फावडं रोवायचं. याचा अर्थ तुला माहीत आहे. ज्याने बांधात आपलं फावडं रोवलं त्याची जमीन गेली, घर गेलं, तो गावाचा राहिला नाही. मागे वळून न बघता निघून जायचं. आजवर इथे ज्यांनी फावडं रोवलं ते पुराने कंगाल झालेले होते. फितूर म्हणून कोणी रोवलं नव्हतं.

त्यार्ड कबूल झाला. फावड्याला नवा दांडा बसवतोय. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "रोवायचंच तर मोडकं नको." परवा तो दिसेना म्हणून शोधत गेले, तर दलदलीच्या कडेला गुडघाभर चिखलात उभा होता. हाताला धरून घरी आणला. लहान पोरासारखा आला.

बाळ लहान आहे म्हणतोस. फोस्केचीही लहानच होती एके काळी.

यायचं असेल तर स्वतः ये. इथे उभं राहून बोल. ते तुला मारतील की नाही ते मी सांगू शकत नाही.

हिस्के


हार्केम, १४ एप्रिल १५४९

ताई,

येतो आहे.

उमरावांना सांगितलं की मी यापुढे मोजणी करणार नाही. घर मे महिन्याच्या अखेरीस सोडायचं आहे. तांब्याच्या पत्र्यावरून ती रेघ मी स्वतः खरवडली. त्याचा आता कोणाला काही उपयोग नाही, हे मला कळतं.

आल्टये आज पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली. "जा," म्हणाली.

सिब्रांड


एल्सवर्ड, १२ मे १५४९

सिब्रांड,

तू चर्चमधून सरळ धक्क्याकडे गेलास. मी बाहेर येईपर्यंत जेलेची होडी वळणापलीकडे होती. म्हणून तुझ्यामागे काय झालं ते लिहिते.

तू बोलत होतास तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही. लोकांकडे बघत होते. त्यांचे चेहरे दगडासारखे होते. तू सगळं सांगितलंस, चाकूचं, पत्राचं, नावाचं. मग फोस्के उठली. मला वाटलं ती तुझ्या अंगावर जाणार. पण ती साध्या आवाजात म्हणाली, "एवढं सांग. ती रेघ तिथे ठेव, असं तुला कोणी सांगितलं होतं?"

तू म्हणालास, "कोणी नाही."

ती म्हणाली, "मग का ठेवलीस?"

आणि तू म्हणालास, "नकाशा पुरा वाटत होता. तिच्याशिवाय अपुरा दिसायचा."

फोस्के खाली बसली. तू निघून गेलास. शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, "फावड्याचं काय करायचं?" कोणी उत्तर दिलं नाही, आणि उत्तर दिलं नाही म्हणजे रोवायचं नाही, असं ठरलं. त्यार्डची कोणी माफी मागितली नाही. आमच्याकडे तशी रीतही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोस्के आमच्या दारात आली. मला ओलांडून थेट त्यार्डला म्हणाली, "माझ्या वाटणीचा बांध आता कोण बघणार? मला पोरं नाहीत." त्यार्ड फावडं घेऊन तिच्याबरोबर गेला. आता रोज आधी तिचा बांध सावरतो, मग आपला. दुपारी ती त्याला भाकरी देते. दोघं एकमेकांकडे पाठ करून खातात.

तो तुझ्यामुळे वाचला. हे मी कबूल करते. चर्चमध्ये उभं राहणं सोपं नव्हतं, हेही.

आता माझं सांगते. हिवाळाभर मी तुला मनातल्या मनात माफ करत आले होते. रात्री पडल्या पडल्या मी ठरवायची, उमरावाने त्याच्या मानेवर तलवार ठेवली असेल. आल्टयेला कोंडून ठेवलं असेल. तो रडत रडत रेघ मारत असेल. मला ते दिसायचंसुद्धा. त्या तलवारीच्या आधारावर मी तुला माफ केलं होतं, आणि त्यार्डशीही तुझ्या बाजूने भांडले होते. ती तलवार नव्हतीच. तू मेजाशी बसला होतास, हातात चाकू होता, खिडकीतून उजेड येत होता, आणि रेघ सुंदर दिसत होती.

तू लहान असताना काही चांगलं काढलंस की ते मी सगळ्यांना दाखवत फिरायची. बघा माझ्या भावाने काय काढलंय. तुला ती चटक कोणी लावली, हेही मला आता रात्री सुचतं. बैठकीत छाती पुढे काढून मीच उभी राहिले होते. फोस्केने मला अजून त्याबद्दल विचारलेलं नाही. ती विचारेल त्या दिवसाची मी वाट बघते, आणि विचारू नये म्हणून प्रार्थनाही करते.

महिनाअखेर तुमचं घर जाणार. तू कुठल्या तरी बंदरात व्यापाऱ्यांच्या पोरांना हिशेब शिकवशील, तुला काम मिळेल. पण बाळाला घेऊन आल्टये कुठे फिरणार? तिला इकडे पाठव. पोरींची खोली तिला देते. गाई नाहीत, पण फोस्केची एक बकरी आहे, बाळापुरतं दूध निघेल. बकरी देईन असं फोस्के स्वतःच म्हणाली. कोणाच्या बाळासाठी ते तिला ठाऊक आहे.

त्यार्ड म्हणतो, सिब्रांडलाही बोलाव, घर त्याचंच आहे.

मी म्हणते, तू जेलेच्या होडीतून त्या दोघांना धक्क्यापर्यंत आणून सोड. बोचकी मी उचलेन. तू वर येऊ नकोस. अजून नको.

हिस्के